भिजत घातलेलं पातेलं

जुम्याची नमाज झाली की आम्ही पाच-सहा जण मशिदीच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहाला बसतो. बरीच वर्षं बसतोय. गेल्या महिन्यात तिथं विषय निघाला तो घरकामाचा. आमच्यातल्या एकाचा नवा जावई सासुरवाडीला आला आणि जेवण झाल्यावर सगळ्यांची ताटं उचलून मोरीत जाऊन घासायला बसला, ही बातमी. सासूबाईंना काय करावं ते कळेना, मेहुण्या तोंडाला ओढणी लावून हसत होत्या, आणि सासरेबुवा आमच्यासमोर तक्रार करत होते, "सांगा, आता आमची काय इज्जत राहिली?"

तिथून गाडी घसरली आणि घरकाम कसं टाळावं याची स्पर्धाच सुरू झाली.

पहिला म्हणाला, नाही कधी म्हणायचं नाही, फक्त विचारत राहायचं. डाळ कुठल्या डब्यात आहे? ही का ती? किती घेऊ? धुवायची का? किती वेळा? पाचव्या प्रश्नाला ती स्वतः उठते. दुसऱ्यानं बाजाराची युक्ती सांगितली. मेथी आण म्हटलं तर त्यानं पिवळी पडलेली शेपू आणली, तीही चढ्या भावानं. त्यानंतर दोन वर्षं त्याला कुणी भाजीला पाठवलेलं नाही. तिसरा झाडू दिसला की फोन कानाला लावतो, पलीकडे कुणी नसलं तरी. चौथ्याची कंबर फक्त कपडे वाळत घालताना दुखते. रविवारी मैदानावर तो दहा षटकं टाकतो, तेव्हा कंबर ठणठणीत असते.

माझी पाळी आली. मी म्हणालो, "पातेलं घासणार नाही असं कधी म्हणू नये. म्हणावं, करपलंय, जरा भिजू दे. त्यात पाणी ओतावं, वर साबणाचा थेंब टाकावा, म्हणजे काम सुरू झाल्यासारखं दिसतं. मग निवांत जाऊन झोपावं. सकाळी पातेलं चकचकीत असतं." सगळे टेबलावर थाप मारून हसले. त्या दिवशीचा माझा चहा दुसऱ्यानं पाजला.

घरी येऊन मी हा सगळा किस्सा बायकोला सांगितला. तीही हसली, मनापासून हसली. हसता हसता म्हणाली, "मग सकाळी ते पातेलं कोण घासतं, ते सांगितलंत का तिथं?"

नव्हतं सांगितलं. पाच-सहा जणांपैकी कुणीच सांगितलं नव्हतं. प्रत्येकाचा किस्सा त्याची सुटका झाली तिथंच संपत होता. पिवळी शेपू घरी आल्यावर मेथी आणायला उन्हात पुन्हा कोण गेलं, हे त्या विनोदात नव्हतं. ते असतं तर विनोद झालाच नसता. हा लेख त्या राहून गेलेल्या भागाबद्दल आहे. वाचून माझ्या चहाच्या मित्रांना राग येईल. येऊ द्या. माझं नाव त्यांच्या यादीत सगळ्यात वर आहे.

आधी थोडे आकडे, कारण "आता पूर्वीसारखं राहिलं नाही हो" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं 2019 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. दिवसाच्या चोवीस तासांत कोण काय करतं, एवढंच विचारलं. घरातलं बिनपगारी काम दिवसभरात थोडं तरी करणाऱ्या बायका होत्या 81.2 टक्के. पुरुष 26.1 टक्के. म्हणजे चारातले तीन पुरुष त्या दिवशी घरातल्या कामाला शिवलेही नव्हते. ज्यांनी केलं त्यांच्यातही फरक आहेच. काम करणारी बाई रोज सरासरी 299 मिनिटं राबत होती, काम करणारा पुरुष 97 मिनिटं. 2024 साली हीच पाहणी पुन्हा झाली. बायकांची मिनिटं 289 झाली, पुरुषांची 88. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषानंही आपली नऊ वाचवून घेतली! म्हणजे तिची जी दहा मिनिटं कमी झाली ती मिक्सरनं, गॅसनं, नळानं कमी केली असतील. नवऱ्यानं नक्कीच नाही.

हे आकडे सगळ्या देशाचे आहेत, एका जातीधर्माचे नाहीत. दिवाळीच्या फराळाला आणि गौरी-गणपतीच्या स्वयंपाकाला हीच तऱ्हा असते, हे माझे हिंदू मित्रही कबूल करतात. पण दुसऱ्याच्या घरातलं खरकटं दाखवायला मी बसलेलो नाही. मी आपल्या घराबद्दल लिहितोय, कारण आपल्याकडं या चुकारपणाला एक जास्तीची टोपी घातलेली असते. ती धर्माची.

बकरी ईदचंच घ्या. कुर्बानी आम्ही करतो. हिस्से आम्ही पाडतो, वाटायला आम्ही जातो, गल्लीत चार लोकांच्या गळ्यात आम्ही पडतो. त्यानंतर घमेलं स्वयंपाकघराच्या दारात ठेवून "आता तुम्ही बघा" म्हणतो. वजडी धुणं, मुंडी-पाये भाजून खरवडणं, चरबीनं माखलेली भांडी गरम पाण्यानं तीन-तीनदा घासणं, फरशीवरचा वास घालवणं, हे सगळं "बघण्यात" येतं. संध्याकाळी तिच्या हाताला वास येतो म्हणून तिलाच जेवण जात नाही. सवाब मात्र घरातल्या सगळ्यांना मिळाला, असं आम्ही समजतो.

रमजान तर याहून मोठा. ज्या वाचकांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सहरीसाठी पहाटे पुरुष चारला उठत असेल तर बाई तीनला उठलेली असते. रोजा दोघांचा सारखाच. दुपारनंतर तो "रोजा लागलाय" म्हणून आडवा होतो, ती भज्यांचं पीठ भिजवते. अजान झाली की तो खजूर तोंडात टाकून मगरिबला मशिदीत जातो आणि परत येईपर्यंत दस्तरखानवर सगळं वाढून तयार असतं. मग इशा, मग वीस रकात तरावीह. तो मशिदीत, ती मोरीवर. महिनाभर. महिना संपला की तो म्हणतो, "अल्हम्दुलिल्लाह, या वर्षी एकही तरावीह चुकली नाही." तिच्या किती चुकल्या, याची मोजदाद कुणी ठेवत नाही.

तिनं काही म्हटलंच, तर उत्तर तयार असतं: "नमाजला जायचंय." या उत्तरापुढं कोण बोलणार? मेथी-शेपूची युक्ती निदान उघड लबाडी तरी आहे. कामातून सुटण्यासाठी नमाज पुढं करणं ही मला त्याहून वाईट लबाडी वाटते, कारण तिथं आपण बायकोबरोबर अल्लाहचीही दिशाभूल करायला बघतो.

आता ज्यांच्या नावानं ही सबब चालते, त्यांचं स्वतःचं वागणं काय होतं? सहीह बुखारीमध्ये एक हदीस आहे. बहुतेकांनी ती कधी ना कधी ऐकलेली असते. हजरत आयेशा (रजि.) यांना कुणीतरी विचारलं, प्रेषित मुहम्मद (स.) घरात असताना काय करायचे? त्यांच्या उत्तराचा आशय असा, की ते घरच्यांच्या कामात असायचे, आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जायचे. दुसऱ्या रिवायतींमध्ये तपशीलही आहेत: स्वतःचे कपडे शिवणं, चप्पल सांधणं, बकरीचं दूध काढणं. या उत्तरातला क्रम बघा. ते कामातून उठून नमाजला जात. आम्ही कामातून सुटायला नमाजला जातो. ज्यांच्यावर एका अख्ख्या समाजाचा भार होता, त्यांना घरातल्या कामासाठी वेळ मिळत होता. आम्हाला मिळत नाही, कारण आम्ही कचेरीतून दमून आलेलो असतो!

सुन्नत म्हणून आम्ही मिसवाक वापरतो, दाढी राखतो, पाणी बसून पितो, जेवायला उजवा हात वापरतो. चप्पल सांधण्याची, दूध काढण्याची सुन्नत तेवढी आम्हाला जड जाते. सुन्नतींतून आम्ही निवड करतो ती अशी. ज्यांनी आरशात रुबाब दिसतो त्या घेतल्या, ज्यांनी हात ओले होतात त्या सोडल्या.

यावर एक उत्तर हमखास येतं, आणि ते हजरत फातिमा (रजि.) यांच्या नावानं येतं. जातं ओढून ओढून त्यांच्या हाताला घट्टे पडले होते, त्या वडिलांकडं कामाला माणूस मागायला गेल्या, तेव्हा प्रेषितांनी त्यांना झोपण्यापूर्वी पढायची तस्बीह शिकवली: 33 वेळा सुबहानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह, 34 वेळा अल्लाहु अकबर. ही हदीस आपल्याकडं बायकांच्या इज्तेमात हमखास सांगितली जाते आणि तिचा अर्थ असा लावला जातो, की बाईनं दमल्यावर तक्रार करू नये, तस्बीह पढावी. पण रिवायत नीट वाचा. प्रेषित त्यांच्या घरी आले तेव्हा हजरत अली (रजि.) तिथंच होते आणि ती तस्बीह दोघांना शिकवली गेली. आणि ती शिकवणारे स्वतः घरकाम करणारे होते. तीच तस्बीह आज कोण शिकवतं? सोफ्यावर बसून चहाची वाट बघणारा.

दुसरं उत्तर, "बाईच्या हातालाच जमतं हो, उपजतच असतं ते." हजरत अबू बक्र (रजि.) यांची कन्या हजरत अस्मा (रजि.) यांनी स्वतःच्या संसाराबद्दल सांगितलेलं बुखारीत आहे. घोड्याला चारा घालणं, पाणी भरणं, कणीक मळणं हे सगळं त्या करायच्या, पण रोटी त्यांना नीट भाजता येत नसे. शेजारच्या अन्सारी बायका भाजून द्यायच्या. लांबच्या जमिनीवरून खजुराच्या बिया डोक्यावर वाहून आणाव्या लागायच्या. वडिलांनी घोड्याची देखभाल करायला एक नोकर पाठवला, तेव्हा आपण गुलामीतून सुटलो असं त्यांना वाटलं. असं त्या स्वतः सांगतात. रोटी उपजत येत नाही. ती शिकावी लागते, आणि शिकण्यासाठी बोटं भाजून घ्यावी लागतात. एवढंच कारण आहे आमच्या "मला जमत नाही" मागे.

तिसरं उत्तर, "हे बायकोचं कर्तव्यच आहे, शरियतनं सांगितलंय." हे वाक्य फार ठासून बोललं जातं. आपल्याकडं कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आहेत, देशावरचे हनफी. शाफई आणि हंबली मजहबांचं प्रस्थापित मत असं, की स्वयंपाक, दळण, धुणं हे निकाहच्या करारानं बायकोवर बंधनकारक होत नाही. ती करते तो तिचा चांगुलपणा. माहेरी जिच्या दिमतीला माणूस होतं, तिला नवऱ्यानं नोकर द्यावा असंही सांगितलेलं आहे. हनफी मजहब घरकामाला तिची नैतिक जबाबदारी मानतो, पण त्यासाठी काझी तिच्यावर सक्ती करू शकत नाही म्हणतो. इमाम इब्न तैमिया आणि त्यांचे शिष्य इब्न कय्यिम यांनी रिवाजाप्रमाणे बाईनं काम करावं असं म्हटलंय, तेही इथं नोंदवतो, नाहीतर मीही सोयीचं तेवढंच उचलल्यासारखं होईल. मुद्दा एवढाच, की शेकडो वर्षं मोठमोठ्या आलिमांमध्ये ज्यावर मतभेद आहेत, ते तुम्ही चहा उशिरा आला म्हणून एका वाक्यात निकालात काढता. आणि चार मजहबांतला एकही तुम्हाला ताटावरून उठून हात धुवायला पाणी मागण्याचा हक्क देत नाही.

राहिलं शेवटचं, "मी कमावतो." ठीक आहे. खर्चाची जबाबदारी पुरुषावर आहे, ती तुम्ही निभावता. पण कमाईला सुट्टी आहे, रजा आहे, एक दिवस निवृत्तीही आहे. माझे अब्बा 58व्या वर्षी निवृत्त झाले, हार घालून, शाल पांघरून, भाषणं ऐकून घरी आले. त्या दिवशी आलेल्या चाळीस पाहुण्यांचा स्वयंपाक अम्मीनं केला. तिच्या निवृत्तीची तारीख कुणाच्या डोक्यात कधी आलीच नाही. आणि ज्या घरात बायकोही कमावते तिथं काय होतं? माझ्या घरात कमावते. ती साडेसहाला घरी येते, मीही साडेसहाला. मी पंखा लावतो, ती गॅस लावते.

मी "मदत" करत नाही असं नाही. गॅसचा नंबर लावतो, विजेचं बिल भरतो, महिन्याचं तांदळाचं पोतं आणतो. आमची सगळी कामं अशीच असतात. महिन्यातून एकदा, गल्लीतल्या लोकांना दिसणारी, आणि उद्यावर ढकलता येणारी. तिची कामं रोजची, बंद दाराआडची आणि संध्याकाळपर्यंत पुसली जाणारी. सकाळी घासलेलं ताट दुपारी पुन्हा खरकटं होतं. म्हणून आमचं काम मोजलं जातं आणि तिचं मोजलं जात नाही. आणि तो "मदत" शब्दच टाकून द्यायला हवा. शेजाऱ्याचं सामान उतरवायला हात लावला तर ती मदत. स्वतः जेवलेलं ताट स्वतः घासलं तर कसली मदत?

ज्यांना परवडतं ते म्हणतील, आम्ही बाई लावली आहे, प्रश्न मिटला. तुमचा मिटला. तुमच्याकडं चार घरांची भांडी घासून ती आपल्या घरी जाते, तेव्हा तिच्याही मोरीत एक पातेलं भिजत पडलेलं असतं. घरेलू कामगारांसाठी 2008 साली महाराष्ट्रानं कल्याण मंडळाचा कायदा केला. आपल्याकडं काम करणाऱ्या बाईची तिथं नोंद आहे का, हे तरी कधी विचारलंय आपण? आमच्या घरातही कुणी विचारलं नव्हतं.

आता खरं सांगायचं ते. तीन वर्षांपूर्वी रमजान सुरू होण्याच्या चार दिवस आधी अम्मी न्हाणीघरात घसरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. दीड महिन्याचं प्लॅस्टर. बायकोची कचेरी चालू, मुलीची परीक्षा. मग मला उठावं लागलं. पहिल्या आठवड्यात दूध तीनदा उतू गेलं, भात दोनदा करपला आणि माझं ते प्रसिद्ध पातेलं मलाच घासावं लागलं. तेव्हा कळलं, की भिजत घातल्यानं करपलेलं सुटत नाही. तारेच्या घासणीनं, खांद्याला रग लागेपर्यंत घासावं लागतं. तरावीहला मी आठ दिवस पोचलो नाही. खूप चिडचिड झाली. मग लक्षात आलं, की आठ दिवसांत माझी ही हालत, तर हे कुणीतरी चाळीस वर्षं करत आलंय.

अम्मी त्या महिन्यात खिडकीपाशी बसून असायची. गळ्यात अडकवलेला हात, समोर रेहलवर कुराण, डाव्या हातानं पान उलटायची. मी पीठ मळताना ती अधूनमधून सूचना करायची, "पानी कम डाल रे," की परत वाचायला लागायची. सत्ताविसाव्या रात्री तिनं कुराण मिटलं, कपाळाला लावलं आणि मला हाक मारली. लग्न होऊन आल्यापासून रमजानमध्ये तिचं एकदाही पूर्ण कुराण वाचून झालं नव्हतं. दरवर्षी सुरू करायची आणि दरवर्षी पंधरा-सोळाव्या पाऱ्यावर अडायची. ईदची शेवई, पाहुणे, कपडे, सफाई. ती म्हणाली, "हात टुट्या तो कुरान पूरा हुया, देख."

ती आनंदानं म्हणाली होती. तक्रार तिच्या आवाजात अजिबात नव्हती. मला मात्र त्यानंतर बराच वेळ तिच्याकडं बघता येईना. आमच्या घरात दोन धडधाकट पुरुष होते, अब्बा आणि मी. दोघेही पाच वेळचे नमाजी. आणि आमच्या अम्मीला एक कुराण पुरं करायला हात मोडावा लागला.

म्हणून आता मला त्या विनोदांवर हसू येत नाही. म्हणजे येतं, सवयीनं येतं, पण घशाशी अडतं. घरकाम टाळायची प्रत्येक युक्ती म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी वेळेवर मारलेला डल्ला असतो. तो वेळ म्हणजे तिची झोप असते, वाचन असतं, तिची नमाज असते, किंवा नुसतं खिडकीपाशी बसून बाहेर बघणं असतं. आणि बंद्यांचे हक्क बंद्यांनीच माफ करायचे असतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. तरावीह पढून ते फिटत नाहीत.

इमामसाहेबांना माझी एक विनंती आहे. जुम्याच्या बयानात बायकांची ओढणी, बायकांचा मोबाईल, बायकांचं बाजारात जाणं यावर आम्ही पुष्कळ ऐकलं. समोर बसलेले सगळे पुरुष असतात, तर कधी पुरुषांबद्दलही बोला. रमजानच्या आधीच्या जुम्याला हजरत आयेशांची ती हदीस सांगा. सांगा, की इफ्तारची भांडी घासून मग तरावीहला या. जमात चुकेल अशी भीती वाटत असेल तर दोघांनी मिळून घासा, निम्म्या वेळात होतं. मी करून बघितलंय.

आणि तो जावई. सासऱ्यांना त्यानं इज्जत घालवली असं वाटतं. त्यांना पुढच्या जुम्याला मी सांगणार आहे, त्या घरात इज्जतीचं काम त्या दिवशी एकट्यानंच केलं, आणि तो मोरीत बसला होता.

हे लिहून संपवतोय तेव्हा रात्रीचे पावणेअकरा झालेत. आज खीर केली होती. ती बुडाला लागली. पातेलं मोरीत आहे आणि त्यात मीच मघाशी पाणी ओतून ठेवलंय. सवय लवकर जात नाही. उठतो.